आजोबांची अंडी

मत्स्यालयाच्या सगळ्यांत मागच्या खोलीत बारा महिने स्वेटर घालून वावरणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? स्वेटरमामा. पुढे नुसतेच मामा. आणि मामा म्हटल्यावर त्यांची बायको आपोआप मामी झाली.

मामा मूळचे फ्रीज दुरुस्त करणारे. सव्वीस वर्षांपूर्वी या थंड खोलीतलं यंत्र बिघडलं म्हणून अर्ध्या दिवसासाठी आले होते. यंत्र सुधारलं, पुन्हा बिघडलं, पुन्हा सुधारलं; शेवटी तेव्हाच्या साहेबांनी वैतागून त्यांना नोकरीवरच घेतलं. माशांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथले मासे दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातले, त्यांना शून्याच्याही खालचं खारं पाणी लागायचं, आणि थंडी कशी धरून ठेवायची ते मामांइतकं कुणाला कळत नव्हतं.

आता टाकीत दोनच मासे उरले होते. दोघंही वीतभर, डोकं धडापेक्षा मोठं. थोरला दगडावर बसून, खालचा ओठ पुढे काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे असा बघायचा, की जणू त्याचं वर्तमानपत्र त्यांनीच पळवलंय. म्हणून तो आजोबा. धाकटा खायला मिळालं की हलायचा, बाकी दिवसभर कोपऱ्यात पडून. म्हणून तो जावई. साहेबांनी काचेवर पाटी लावली होती : ‘दोन नर. थोरल्याचं वय अंदाजे चौदा वर्षं.’ यातला ‘अंदाजे’ वयाऐवजी नराला लावला असता, तर पुढची शोभा टळली असती.

मामांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. सकाळी त्यांनी टाकीवरचा दिवा लावला, काचेला नाक लावलं आणि तसेच साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, आजोबांनी अंडी घातली.”

साहेब चहा पीत होते. “कुणाच्या आजोबांनी?”

“आपल्या.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “मामा, तुमची रजा किती शिल्लक आहे?”

पण प्रत्यक्ष बघितल्यावर साहेबांनीही आ वासला. दगडाच्या खाचेत मोहरीएवढी तीनशेक अंडी, आणि त्यांच्यावर आजोबा, चेहऱ्यावर तोच वैताग. साहेबांनी समजावून सांगितलं, की या माशांचं वरून नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्या गारठ्यात त्यांचं सगळंच संथ. वयात यायला वर्षानुवर्षं लागतात, अंड्यांतून पिल्लं यायला चार महिने, आणि तेवढे दिवस कुणीतरी पंखांनी वारा घालत राखण करावी लागते, नाहीतर अंड्यांवर बुरशी धरते. एवढं सांगता सांगता साहेब पाटीवरचं ‘नर’ नखाने खरवडत होते.

मामा मनाने त्या दिवसापासून खोलीबाहेर पडलेच नाहीत. पालथ्या बादलीवर बसून ते अंडी बघायचे, आणि आजोबा त्यांना.

विसाव्या दिवशी आजोबा दगडाशेजारी आडवे दिसले. वय झालं होतं. मामा पुन्हा साहेबांकडे गेले.

“साहेब, आजोबा गेले.” मग जरा थांबून, “म्हणजे, गेली.”

“जाऊ द्या, मामा,” साहेब हळूच म्हणाले. “आता मेल्यावर कशाला व्याकरण.”

नोंदवहीत मामांनी लिहिलं : ‘आजोबा (मादी) सकाळी वारले.’ लिहिताना डोळे भरून आले, आणि वाचून हसूही आलं. आता अंड्यांचं काही खरं नाही असं म्हणत परत येऊन बघतात तो काय, कोपऱ्यातला जावई जागेवर नाही. अकरा वर्षांत ज्याने इकडची काडी तिकडे केली नव्हती, तो अंड्यांवर बसून दोन्ही पंखांनी वारा घालत होता.

दुसऱ्या दिवशी मामा निवृत्त झाले. दोन भाषणं झाली, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ते स्वेटर घालून दाराशी आले.

“कुठं निघालात?” मामींनी विचारलं.

“जरा पाय मोकळे करून येतो.”

“स्वेटर घालून? बाहेर अंगाची लाही होतेय. अंडी माशाची आणि डोहाळे तुम्हाला.”

“डोहाळे आधी असतात गं. अंडी घालून झालीत.”

“मग बाळंतीण कोण आहे तिथं?”

मामा चप्पल घालत म्हणाले, “जावई.”

दुसऱ्या दिवशी मामी स्वतःच पदर खोचून बरोबर निघाल्या. बघ्यांच्या बाजूने काचेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

“हा जेवायला उठत नाही?”

“तोंडापुढं आलं तर खातो. अंडी सोडून हलत नाही.”

“आपली पोरगी झाली तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“यंत्र बिघडलं होतं.”

“चार दिवस?”

“मोठं यंत्र होतं,” मामा काचेकडे बघत म्हणाले.

त्यानंतर मामी रोज येऊ लागल्या. घडीचं स्टूल, विणकाम आणि डबा घेऊन. इतर बघ्यांना त्या सांगायच्या, “जावई असावा तर असा. आमचा बघा, फोनसुद्धा उचलत नाही.”

शंभराव्या दिवसाच्या आसपास मामा अचानक मान वाकडी करून उभे राहिले. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येत होता. “पंख्याचा पट्टा सैल झालाय,” ते म्हणाले. “तुटला तर तासाभरात पाणी कोमट.”

नवा मेकॅनिक रजेवर होता, साहेब मीटिंगला गेले होते, आणि काचेमागच्या थंड खोलीच्या दारावर दरवान. तो म्हणाला, “मामा, तुम्ही आता बाहेरचे. परवानगीचा कागद आणा.”

मामा हात चोळत राहिले. मामींनी विणकाम पिशवीत ठेवलं, कपाळाला हात लावला आणि दरवानाच्या पायाशी व्यवस्थित, साडी सावरून बसकण मारली.

“मला गरगरतंय,” त्या म्हणाल्या. “कुठंतरी गार जागी न्या.”

दरवानाने आजूबाजूला बघितलं. त्या इमारतीत गार जागा एकच होती.

अर्ध्या तासाने साहेब परतले, तेव्हा थंड खोलीत मामी मामांचा स्वेटर घालून पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, दरवान त्यांना कुडकुडत पुठ्ठ्याने वारा घालत होता, आणि मामा नुसत्या बनियनवर यंत्रात कोपरापर्यंत शिरले होते. साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

“वारा थांबवा हो,” मामी दरवानाला म्हणाल्या. “गारठून मरायची मी.”

साहेबांनी त्याच दिवशी मामांना कायमचा परवानगीचा कागद लिहून दिला. मामींचंही नाव त्यात घातलं, न घालून करतात काय.

एकशे अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं सुटली. काचेसारखी आरपार, नखाच्या पांढऱ्या कडेएवढी, त्यांतही डोळे तेवढे काळे. जावई दगडावरून उठला, कोपऱ्यात गेला आणि पुढचे आठ दिवस दिसेल ते खात सुटला. मामींनी त्याला कुणी नावं ठेवू दिली नाहीत.

बातमी ऐकून त्या रविवारी बरीच गर्दी झाली. एक गृहस्थ काचेपुढे दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “टाकी तर रिकामी आहे.”

मामींनी नाकावरची चाळशी काढून पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. “घाला,” त्या म्हणाल्या. “आणि घाईत असाल तर उगाच बघू नका.”