अप्पांचं मंगळ आणि आमचे बीट्स

"अप्पांनी ऐकलंय. ताबडतोब ये!" मुकुंदाचा फोन आला आणि मी पुण्याहून निघालेच.

मुकुंदा कुंभकोणमचा, घरात तंजावरी मराठी बोलणारा. वर्षभर आम्ही ऑनलाइन एक अल्बम रचत होतो. हिप-हॉपचे बीट्स, त्यात जुना जॅझ, नादस्वरम, पितळेच्या भांड्यांची ठोकाठोक. शब्द एकही नाही. पहिल्याच ट्रॅकमध्ये त्याच्या वडिलांची, अप्पांची, भजनातली पेटी होती. त्यांना न विचारता घेतलेली! ते नाही म्हणाले की आमचा अल्बम बोंबलला.

कुंभकोणमला जायचं असेल तर चेन्नईहून दिवसाची रेल्वे घ्या, खिडकीतून भातशेती बघत जाता येतं. महामहम तलावाजवळ परवडणारे लॉज आहेत. सकाळी इडलीबरोबर कडप्पा मागाच. मूगडाळ, बटाटा आणि नारळाचं पातळसं कालवण. मी लाज सोडून पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. खरं तर घाबरून खात होते.

अप्पा ओसरीवरच बसले होते. "बैसा. कापी घ्या आधीं." कॉफी संपली. मग म्हणाले, "पेटी घेतलां, घ्या. पण हें तर मंगळ! भजन संपतां वाजवायचें. त्यानेंच आरंभ केलां? माणसें बैसलीं नाहींत तों घरीं जा म्हणालां?"

अरे देवा! इथे मंगळ झालं की भजन संपलं, सगळे उठले. मला तो तुकडा गोड वाटला, ठेवला पहिला!

"तुला माहीत होतं ना रे?" मी शेजारी बसलेल्या मुकुंदावर डाफरले.

"वाटलं, बीट्सखाली कोणाला कळतंय," तो पुटपुटला.

"मज कळलें!" अप्पा गरजले.

"काका, चुकलंच. शेवटी ठेवते."

"सरी, बरें. मग आरंभीं काय?"

अप्पांनीच पेटी ओढली. "तें धडाम् धडाम् चालू करा. हळू! पळतां कोठें?" बीट्सचा वेग आम्ही तीनदा उतरवला, तेव्हा कुठे त्यांची मान डोलली आणि बोटं फिरायला लागली. मुकुंदा रेकॉर्डिंग करायचं विसरून ऐकतच बसला, त्याला कोपरानं ढोसावं लागलं. दुसऱ्या दिवशी बसनं तिरुविडैमरुदूरला गेलो. तिथल्या देवळाच्या लांब ओवरीत टाळ्यांचा घुमारा टिपला, तोही अल्बममध्ये गेला.

पुण्याला परतल्यावर अल्बम बाहेर पडला. माझे मित्र अर्धा-अर्धा मिनिट ऐकून पुढे सरकवतात आणि वर "भारी" म्हणतात. चिडचिड होते.

काल मुकुंदाचा फोन आला. अप्पांनी भजनाची सगळी मंडळी ओसरीवर जमवून अल्बम पहिल्यापासून लावला. एक आजोबा तर डुलकी घेत होते म्हणे.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"मंगळ लागलं," मुकुंदा म्हणाला, "आणि सगळे उठून हात जोडून उभे राहिले."

ड्रमसकट वाजणाऱ्या मंगळाला!

मला रडूच कोसळलं.