पंचाच्या डोळ्यातलं लबाड औषध

आमचे दाजी केरबा, म्हणजे अंजनाक्काचे मालक, कुंडलच्या कुस्त्यांचे पंच. पाठ टेकली का न्हाई, हे त्यांनी सांगायचं आणि गावानं मान डोलवायची. एवढा मान मिळाला की माणसाचं डोकं फिरतं. दाजींचं तर कवाच फिरलं होतं.

बहात्तर साली त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मीच मिरजेला नेलं. डॉक्टर भला माणूस, नीट समजावून सांगत होता. नसेचा निरोप एका रसायनाच्या रूपानं डोळ्यातल्या बारक्या स्नायूला पोचतो. हे थेंब त्या रसायनाची हुबेहूब नक्कल करतात. स्नायूला फरक कळत नाही. निरोप आला समजून तो आवळतो, बाहुली बारीक होते, तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते, दाब उतरतो. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राहील. दाजींना उमगावं म्हणून तो म्हणाला, समजा तुमची शिट्टी दुसऱ्यानंच वाजवली, तरी पैलवान पकड सोडणारच की.

झालं! एसटीत दाजी तोंड फुगवून बसले. "दुसऱ्यानं शिट्टी वाजवून निकाल? असलं लबाड औषध पंचाच्या डोळ्यात? जमायचं न्हाई."

तरी अक्कानं महिनाभर थेंब घातले. अंधारल्यागत दिसतंय, कपाळ ठणकतंय, अशी रोजची कुरकुर. शेवटी बंद केले, तर बाहुली पुन्हा मोठी होऊन उजेड लख्ख! औषधच नजर खात होतं, असं दाजी गावभर सांगत सुटले. चार रिकामटेकडी टाळकी व्हय व्हय म्हणाली. काचबिंदू दुखत नाही, कडेकडेनं गुपचूप खात येतो, म्हणून मी घसा फोडला, तर मलाच अक्कल शिकवली. असा शहाणा मी जन्मात बघितला नाही.

चौऱ्याहत्तरच्या मैदानात शेवटची मोठी कुस्ती लागली. जोड सरकत दाजींच्या डाव्या अंगाला गेली आणि तिथं एकाची पाठ स्वच्छ टेकली. अख्ख्या मैदानानं बघितली. दाजी मात्र समोरच्या रिकाम्या मातीकडंच बघत उभे. दुसरे पंच मानसिंग यांनी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. कोणी हसलंसुद्धा नाही.

घरी दाजी भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "अंजना, थेंब घाल. दिसातनं धा येळा घाल. पर मला कडंचं दिसू दे."

मी मिरजेहून नवी बाटली आणली. दोन वर्षं ज्या माणसाला तोंडावर मूर्ख म्हटलं, त्याला खरं सांगायला माझी जीभ उचलेना. अक्कानं त्यांची मान मागं करून थेंब घातले.

"कवा दिसंल?" दाजींनी विचारलं.

तिनं पदरानं त्यांचा गाल पुसला. "दिसंल की," म्हणाली.