तळ्याकाठची सराय आणि आमची थोरली काकू

समोर तळंभर पाणी होतं आणि माझी आजी घोटभर प्यायला तयार नव्हती.

हे मला सांगणारी आमची थोरली काकू आज पहाटे गेली, लिंगैक्य झाली.

घरात बसवत नाही. अंगणातही उभं राहवत नाही. म्हणून लिहितोय.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर सगळे 'धर्मशाळेतली गोष्ट' म्हणून टाकायलेत. धर्मशाळा नव्हे. सराय होती. जिंतूरहून चारठाण्याकडं जाताना, सडक सोडून आत, तळ्याच्या काठावर. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही, पण जे लिहितो ते विचारून लिहितो. आजीला वेगळं विचारलं होतं, काकूला वेगळं.

निजामाचा अंमल. पोलीस ॲक्शनच्या दोन-तीन वर्षं आधी.

दगडी कमानींच्या खोल्या, दारं नाहीत. दिवाबत्ती ज्याची त्यानं करायची. तेल आणलं नसेल तर अंधारात बसा. आजच्या भाषेत एकदम बजेट हॉटेल, लेक-व्ह्यू.

जवळपास गाव नाही. सराय सांभाळायला एक म्हातारे चाचा आणि त्यांची बायको खालाबी, एवढेच.

आमची बैलगाडी एका लग्नाहून परतताना तिथं मुक्कामाला थांबली. गाडीत आजोबा, आजी, नवी सून म्हणजे चौदा वर्षांची काकू, आणि आजीच्या मांडीवर चार महिन्यांचे माझे पप्पा. त्या काळी सून घरात आली तरी सासूचा पाळणा हलत असायचा.

सकाळी आजी तळ्यात अंघोळीला उतरली. गळ्यातला दोरा जुना होता. तुटला.

इष्टलिंगाची डबी पाण्यात गेली.

ज्यांना आमच्या लिंगायत घरांची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं, आपलं दुसऱ्याला द्यायचं नसतं. त्याची पूजा केल्याशिवाय अन्न नाही, पाणी नाही. हरवलं तर सापडेपर्यंत, किंवा स्वामी दुसरं देईपर्यंत, तोंडात थेंब घ्यायचा नाही.

आजोबांनी तेव्हाच बैल जुंपले आणि स्वामींना आणायला जिंतूरला निघाले.

चाचा छातीभर पाण्यात उतरून पायानं गाळ चाचपत राहिले. खालाबीनं टोपल्यानं काठचा चिखल उपसला. निघाले फक्त शिंपले.

आजी कमानीतून पाण्यापर्यंत जायची, परत यायची. पुन्हा जायची. बसायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं दूध आटलं.

पप्पा रडून रडून निळे पडायला लागले. खालाबीनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं. तेही ओकले. मग त्यांचा रडण्याचा आवाजच बारीक होत गेला. काकू म्हणायची, रडत होते तोवर मला भ्या नव्हतं रे. गप व्हायला लागले तवा मी भ्याले.

खालाबी आजीपुढं हात जोडून म्हणाली, "बाई, पानी पी लेव. बच्चे कू तो देखो."

आजीनं नुसती मान हलवली.

तेव्हा काकूनं स्वतःच्या गळ्यातलं लिंग काढलं आणि आजीच्या ओटीत ठेवलं.

"आत्याबाई, माझं घ्या. पूजा करा अन पाणी प्या."

"याड लागलं का तुला? गळ्यातलं कुणी देतंय का? अन तू काय करशील?"

"मला काय. मला लेकरू न्हाई. मी ऱ्हाते उपाशी."

इथं आजीनं तिला थोबाडीत मारली. म्हणजे काकू म्हणायची मारली, आजी म्हणायची नाही मारली. मी काकूचं खरं धरतो, गाल तिचा होता.

गाल धरूनच काकू म्हणाली, "आनखी मारा. पर आधी पाणी प्या."

आजी खाली बसली. तळहातावर काकूचं लिंग घेतलं, भस्म लावलं, डोळे मिटले. ही पूजा परक्यानं बघायची नसते, म्हणून खालाबी आपण होऊन पाठ करून उभी राहिली.

मग आजीनं तांब्या तोंडाला लावला.

सिनेमासारखं लगेच दूध आलं नाही. संध्याकाळ झाली. पण आलं.

पप्पा प्यायले.

स्वामी परगावी गेले होते, त्यांची वाट पाहून अंधार पडायच्या आत आजोबा त्यांना घेऊन पोचले. झालेलं ऐकलं आणि भडकले. पोरीनं रीत मोडली, आता हिच्या हातचं घरात कोण खाणार, असं बरंच काही. काकू खांबाला टेकून उभी. तिनंही तेव्हापासून पाणी घेतलेलं नव्हतं.

स्वामींनी झोळीतून नवं लिंग काढलं. एकच आणलं होतं, आजीसाठी.

त्यांनी आजीला विचारलं, "आत्ता उपाशी कोण आहे?"

आजीनं सुनेकडं बोट केलं.

"मग हे तिचं."

आणि ते त्यांनी काकूच्या गळ्यात बांधलं. त्या रात्री सरायीतली भाकरी काकूनंच थापली आणि आजोबांनी खाल्ली.

आजीनं काकूचं लिंग पुढं कधी परत केलं नाही, काकूनं मागितलं नाही. आजी गेली तेव्हा तिच्यासोबत समाधीत तेच ठेवलं.

आज दुपारी काकूला समाधी दिली. आमच्यात बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. तो मान मुलाचा. पण काकूचा मुलगा, आमचा दादा, बाजूला सरकला. म्हणाला, "काका, तुमी ठेवा."

पप्पांची आता ऐंशी जवळ आली. खड्ड्यात उतरू नका म्हणालो, ऐकलं नाही. काठ धरून उतरलेच.

ठेवलं. तिची बोटं एकेक करून मिटली.

मग वर यायलाच तयार होईनात. आपल्या या वहिनीचा हात धरून तसेच बसून राहिले. शेवटी मी आणि दादानं काखेत हात घालून वर घेतलं.

काकू, आमच्या अख्ख्या घराचा तुला वाकून शरणार्थ.