डोमाजीचा एक मैल

पंचावन्न सालचा हिवाळा. मी पायदळात लान्स नायक होतो आणि साठ दिवसांच्या सुट्टीवर सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा मामेभाऊ डोमाजी दारात उभा.

"भाऊ, दीड महिन्यानं चांद्याले भरती हाये. मले पळाले शिकव."

"तुले पळता नाई येत?"

"वाघ मांगं लागला तं पळीन. बाकी कधी कामच नाई पडलं."

भरतीत एक मैल सात मिनिटांत पळावा लागे, मग मेडिकल. पुढच्या साली डोमाजीला वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे संधी ही एकच. माझा युनिफॉर्ममधला फोटो पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मामीचा जीव वरखाली होत होता, पण ती एवढंच म्हणाली, "आपल्या पायानं लागला तं जाऊ दे. वशिला लावजो नको."

वशिला लावण्याइतका मी मोठा नव्हतोच. दंडावर फीत एकच होती, तोरा मात्र सुभेदाराचा.

पहिल्याच दिवशी मी त्याला माझे ॲम्युनिशन बूट घातले. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल. मुरमाच्या सडकेवर उभं केलं आणि ओरडलो, "लंबा कदम! टाच मार!" ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्ताद माझ्यावर असेच ओरडत. पण तिथे पळवण्याआधी आमच्याकडून कित्येक दिवस नुसतं मार्चिंग करून घेतलं होतं, हे मी सोयीस्कर विसरलो. रोज पूर्ण मैल, सुट्टी नाही.

पाचव्या दिवशी सव्वासहाला तो सडकेच्या कडेला मटकन बसला. नडगीच्या आतल्या कडेला मी नुसता अंगठा टेकवला तर त्याने माझा हात झटकला. दोन्ही पायांची तीच गत. त्याला खांद्याचा आधार देऊन घरी आणलं तेव्हा मामी अंगण झाडत होती. तिने आधी बूट पाहिले, मग मला पाहिलं.

"नाल बैलाले ठोकतेत. माह्या पोराले काऊन ठोकून राह्यला?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो.

आठ दिवस पळणं बंद, असा हुकूम मामीने सोडला. आमच्या सीओसाहेबांचा हुकूम एक वेळ टळला असता, हा टळणारा नव्हता. डोमाजी सकाळ-संध्याकाळ बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, गार पाण्यात पाय सोडून बसे आणि रात्री मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळी. मी दिवस मोजत होतो. भरतीला पाच आठवडे उरले होते आणि माझ्या शहाणपणामुळे त्याचं नशीब फुटतंय असं वाटून मला घास गोड लागत नव्हता.

नवव्या दिवशी दुखणं उतरलं. बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, कापलेलं धान खळ्यावर न्यायचं काम चालू होतं. मी खळ्यावर उभा होतो. डोमाजीने कावड उचलली. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना धानाचे भारे, पाय अनवाणी. बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, तो निघाला आणि मी पाहतच राहिलो. तो चालत नव्हता, दुडक्या चालीने पळत होता! पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला मी त्याच्या मागे धावलो.

"दुखते का रे?"

"नाई जी."

"काऊन नाई दुखत?"

"कावडीत लंबी टांग टाकली तं भारा झुलते, भाऊ. खांदा तोडते. पाय आपल्या खालीच ठेवा लागते. छोटा, जल्दी."

मला टाळी वाजवावीशी वाटली आणि मी तिथेच वाजवली. खळ्यावरच्या बाया हसल्या. हसू देत! चांगल्या पळणाऱ्या माणसाला मी पाच दिवसांत लंगडा केला होता, आणि त्याचं औषध त्याच्याच खांद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम. बूट बंद, सडक बंद. गवताळ धुऱ्यावर एक फर्लांग पळायचं, एक फर्लांग चालायचं. कावड खांद्यावर आहे असं समजून पळायचं. एक दिवस पळणं, एक दिवस आराम. नडगी कुरकुरली की थांबायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. दर आठवड्याला थोडी वाढ. चांद्याचं मैदान मुरमाचं, म्हणून शेवटी शेवटी थोडं थोडं सडकेवर. चौथ्या आठवड्यात पूर्ण मैल, सात मिनिटं वीस सेकंद. भरतीच्या तीन दिवस आधी सहा पन्नास. घड्याळ पाहून मी त्याला उचललं आणि आम्ही दोघे धुऱ्यावरून खाली बांधीत पडलो.

भरतीच्या आदल्या दिवशी आम्ही छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेज रेल्वेने, चांद्याला गेलो. सकाळी आठला मैदानावर चार चक्कर. तुकडीत तीस जण. मी तारेबाहेर. शिट्टी झाली आणि सगळे तीरासारखे सुटले, डोमाजी सर्वांत मागे. त्याची तुरुतुरु पावलं पाहून कोणी ओरडलं, "कोंबडी आली रे!" पहिली चक्कर संपली तरी तो मागेच. दुसरीत पुढचे धापा टाकू लागले. "आता!" मी ओरडलो. तिसऱ्या चक्करला त्याने बारा जण मागे टाकले. चौथीला मी तार धरून उड्या मारत होतो. माझी फीत, माझा तोरा, सगळं विसरलो होतो. तो तिसरा आला. सहा मिनिटं पंचेचाळीस.

मग मेडिकल. तारेलगतच्या उघड्या तंबूत डॉक्टरसाहेबांनी नडगीवर अंगठा दाबत खालपर्यंत आणला.

"दर्द?"

"नाई साब."

"फिट."

डोमाजी माझ्याकडे पाहून हसला. एवढा आनंद मला स्वतःच्या भरतीतही झाला नव्हता.

बासष्टच्या थंडीत त्याची पलटण उत्तरेच्या डोंगरात होती. पुढे काय झालं ते मला त्याच्या सेक्शन कमांडरने सांगितलं. पुढच्या चौकीला मागे येण्याचा हुकूम द्यायचा होता. टेलिफोनची तार तुटली होती. कंपनी कमांडरनी विचारलं, "कौन जाएगा?" डोमाजी उभा राहिला. दुपारी दोनला निघाला, अडीचच्या आत पोचला. चौकीतले सगळे उतरले. परतीच्या वाटेवर तो शेवटी होता. तोफगोळा त्याच्याजवळ पडला.

सुट्टी मिळताच मी गावी गेलो. डोमाजी गेल्याची तार घरी आधीच आली होती. मामी अंगणात धान वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. ती रडली नाही. धानावर हात फिरवत म्हणाली, "त्या चौकीत किती जण होते?"

"अकरा, मामी."

"अकराही घरी गेले न?"

"गेले."

"मंग त्या अकरा पोराहीच्या माया जेवल्या असतीन," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला आत गेली.