आबांनी ताणलेली तांब्याची तार

आबा गच्चीवरून पडून गेले, हे त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी काय विचारावं? "गच्चीवर कशाला गेले होते?" उत्तर मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

धुळ्यात देवपूरला आबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मी जळगावला. हौशी रेडिओचा परवाना आम्ही बरोबरच काढला आणि तेव्हापासून रोज सकाळी सातला घरच्या बिनतारी सेटवर आमच्या गप्पा. विषय काय, तर कपाशी कशी आहे, भरताची वांगी आली का. फोन होता की. पण फोनवर बोलणं म्हणजे आबांच्या मते आयतं जेवण. अँटेना घरीच बनवायची आणि तार तांब्याचीच, हा त्यांचा हट्ट. लोखंड गंजतं, ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, नुसता पीळ दिलेला सांधा पावसाळ्यात दगा देतो... हे इतक्यांदा ऐकवायचे की मी वैतागायचो. तांब्याची नवी तारही ते दोन दिवस कडुनिंबाला बांधून ताणून ठेवत आणि मगच मापून कापत. "आधी ताणी ली, का मंग ती लोंबत नही," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात वादळात माझी तार तुटली. तांबं आणायला धुळ्याला आबांच्या दुकानात कोण जाणार? मी आळशी. घरात पडलेली ॲल्युमिनियमची तार टांगली, सांध्याला पीळ दिला, वर चिकटपट्टी. पावसानंतर आम्हा दोघांनाही एकमेकांचे आवाज पुसट येऊ लागले.

"भाऊ, तार तांबानीच शे ना?"

"हो आबा, तांब्याचीच."

"मंग दोष मन्हाच शे."

त्यांनी आधी सेट उघडला, मग केबल बदलली. मी रोज ऐकत होतो आणि गप्प होतो. कबूल केलं असतं तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, बस. तेवढी लाज मला सोसवली नाही. शेवटी शहात्तर वर्षांचे आबा स्वतःची धडधाकट तार उतरवायला कठड्यावर चढले.

दहाव्याला मुलानं कडुनिंबावरून सोडलेलं वेटोळं माझ्या हातात ठेवलं. ताणलेलं, मापून कापलेलं तांबं. म्हणाला, "ही नवी लावणार होते. मी म्हटलं, आबा, जळगावचीच तार खराब असेल. तर माझ्यावरच चिडले. म्हणे, भाऊ मन्हासंगे लबाड बोलाव नही."

ते वेटोळं माझ्या सेटशेजारी खिळ्याला आहे. लावायचा धीर होत नाही. सातला मी सेट सुरू करतो, खरखर येते... ती माझ्याच तारेची आहे, हे कबूल करायला आता पलीकडे कोणी नाही.