टांगुसाची गिटार

वस्तू आपल्याला शोधत येईपर्यंत दम धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे मोठे दीर. एक गिटार विकत घ्यायला त्यांनी एकतीस वर्षं लावली. तेवढ्या काळात आमच्या राई गावात शेतांच्या जागी इमारती आल्या, त्या इमारतींना दोनदा रंग लागला, खाडीतली आमची होडी जुनी होऊन दुसरी आली, पण भावजींची गिटार काही येईना. कुणी विचारलं तर म्हणायचे, "यील. घाई तिला न्हाय, मना पन न्हाय."

हे वेड लागलं ते त्यांच्या लग्नात. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण माझ्या जाऊबाईंनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली, की तो मांडव मी पाहिल्यासारखा वाटतो. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट खाली झाला, आणि भाईंदरहून आलेल्या बँडपार्टीतल्या एकाने लाल रंगाची विजेवरची गिटार छेडली. समोर नवरी हार घेऊन उभी, आणि नवरदेव मान वळवून त्या गिटारीकडे बघतोय. जाऊबाईंचे हात दुखायला लागले, भटजी खाकरले, शेवटी करवलीने त्यांची मान धरून सरळ केली. "माझ्या आधी सवत घरात आली," असं म्हणून जाऊबाई इतक्या हसायच्या की विणत असलेल्या जाळ्याचा फेर चुकायचा.

भावजींचं सगळंच निराळं. बाजारात ते वांगीसुद्धा मासा बघितल्यासारखी बघतात, पोटाला बोट लावून आणि देठाजवळ नाक नेऊन. मोबाईलवर कुणी जुनी गिटार विकायला काढली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, मुलगी बघायला निघाल्यासारखे निघायचे. मीरा रोड झाला, जेसल पार्क झालं. तिथे गिटार उलटी करून मागचं झाकण उघडायला लावायचे आणि कल्ले बघावेत तसे आत डोकवायचे. घरी आले की ओटीवर बसून निकाल द्यायचे, "रंग बरा, पन आवाज पोरगेला हाय." एका दुकानदाराने वैतागून त्यांना सांगितलं होतं, "चाचा, नया ले लो ना!" भावजी शांतपणे म्हणाले, "नया पुराना होने को टाईम लगता है बेटा. उतना टाईम मेरे पास किधर है?"

हे सगळं ते मला सांगायचे नाहीत. मांजरीला सांगायचे. आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. गावात आता ती कुणी पाळत नाही, पण भावजींचा संकोच आणि माझा लाजरेपणा, दोन्ही मिळून आमच्या घरात ती टिकली. जाऊबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या, त्यांचं बोलणं मला आणि माझं त्यांना. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आमचं बोलणंही गेलं. मग एक दिवस भावजी चुलीजवळ बसलेल्या मनीला म्हणाले, "मने, आमटी बरी जाली हाय, सांग." मीही मनीला म्हटलं, "अजून वाढू का, विचार." तेव्हापासून आमचा सगळा संसार त्या मांजरीच्या कानावरून जातो. बाजारहाट, दुखणीखुपणी, वीजबिल, सगळं. ती बिचारी डोळे मिटून ऐकते.

जाऊबाई गेल्यावर गिटारीचा शोध मात्र वाढला. मनीला एकदा म्हणाले, "त्या दिवशीचा आवाज एकदा कानावर पडू दे. तिच्याकडं बगायचं राहून गेलं ना." मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही, पण भाकरी करपली.

आणि गेल्या वर्षी गिटार आली. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत एक म्हातारे गृहस्थ राहायचे, पूर्वी लग्नांत वाजवायचे. घर आवरून मुलीकडे निघाले होते. पलंगाखालून त्यांनी ती काढली. लाल, म्हणजे कधी काळी लाल, आता जुन्या कौलासारखी. दोनच तारा उरलेल्या, त्याही गंजलेल्या. वाजवून दाखवायला स्पीकर नव्हता. "बजती थी," एवढंच ते म्हणाले. बोंबलाच्या वाट्यासाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या भावजींनी एकदाही भाव केला नाही, उलट दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना एक जिताडा मासा देऊन आले. ही तीच मांडवातली का, ते त्यांनी विचारलं नाही. मीही मनीला कधी विचारायला लावलं नाही.

निघताना त्या गृहस्थांनी "तार डलवा लेना" असं सांगितलं होतं. भावजींना हसू आलं. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचं टांगूस पडलंय त्याने तारा विकत आणायच्या? टांगूस म्हणजे गळाला बांधतात ती नायलॉनची दोरी. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, टांगूस मरत नाही, हे त्यांचं पक्कं मत. गंजलेल्या तारा काढून फेकल्या आणि दोन दिवस बसून सहाही जागी टांगूस ओढलं. सगळ्यात बारीक बोयट धरायचं, मधलं शिंगाळ्याचं, सगळ्यात जाड जिताड्याचं. गाठी तर अशा देखण्या, की त्यात जिताडा अडकला असता तर सुटला नसता.

भजनी मंडळाचा स्पीकर आणला. गल्ली गोळा झाली. भावजींनी पांढरा शर्ट घातला, वायर खोचली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. स्पीकर नुसता घूं करत राहिला. सगळी बटणं फिरवली, तरी घूंच. मंडळाचा वायरमन म्हणाला, "काका, आतली कॉईल जळलीय. फसवलं तुम्हाला." भावजी म्हणाले, "त्यानं न्हाय फसवलं. 'बजती थी' बोलला होता." मग गिटार जाळ्यांच्या खुंटीला टांगली आणि मोबाईल माझ्या मुलाला देऊन टाकला. त्यानंतर ते मनीशीही बोलेनात. आमटी बरी की वाईट, मला कळेना.

मी जेसल पार्कच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देते. एका दुपारी ओटी झाडताना गिटारीवरची धूळ पुसायला ती खाली घेतली. पदराला सुई टोचलेली होती. ती सुटली आणि टक् करून गिटारीच्या तारांखालच्या पट्टीला जाऊन चिकटली. माझ्याकडे जुन्या रेडिओतलं लोहचुंबक आहे, पडलेल्या सुया त्यानेच उचलते. त्याला सुई कळते, दोरा कळत नाही. मी सुई काढली, परत सोडली. परत टक्. मग टांगुसाचा तुकडा धरला. काही नाही. मी तिथेच बसून राहिले. या गिटारीला लोखंडच ऐकू येत असेल तर? आपण तिच्यापुढे दोराच हलवत बसलो असू तर?

कळलं, पण सांगायचं कसं? मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि वायरमन सांगून गेलेला. चार दिवस तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी भावजी जेवत होते. मी मनीकडे बघून म्हटलं, "मने, सांग, त्या गिटारीला चुंबक आहे. तिला टांगूस..." आणि मनी उठली, आळस दिला आणि माशाच्या वासाने शेजारी निघून गेली. वाक्य अर्धंच. मधे कुणी नाही. भावजींचा घास हातात, नजर ताटात.

"टांगूस कळत नाही," मी म्हटलं. आवाज माझाच का असं मला वाटलं. "लोखंडाच्या तारा लावा, भावजी."

घास परत ठेवून ते ताटाला म्हणाले, "लोखंड हिथं टिकत न्हाय गो."

"टिकेल तेवढं टिकेल."

दुसऱ्या दिवशी मीरा रोडहून तारा आल्या. या वेळी नुसता मंडळाचा स्पीकर आणला, गल्ली बोलावली नाही, शर्टही घरचाच होता. संध्याकाळी भरती चढत होती. त्यांनी बोट फिरवलं, आणि तो आवाज ओटीवरून निघाला, तिवरांवरून गेला, खाडीच्या पाण्यावर बराच वेळ राहिला. खुंटीवरची जाळी हलल्यासारखी वाटली.

आजही त्यांना गाणं वाजवता येत नाही. एकच सूर वाजवतात, तो विझेपर्यंत थांबतात आणि परत वाजवतात. तारा दोन-तीन महिन्यांत गंजतात. मग ते नव्या आणतात, आणि जुन्या गुंडाळून माझ्या सुयांच्या डब्याशेजारी ठेवतात. आमचं बोलणं पुन्हा मनीच्या मार्फतच चालू आहे. फक्त नव्या तारा चढल्या की ते मनीला उठवत नाहीत. "कसा वाटतंय गो?" असं मलाच विचारतात. मी "बरा आहे" म्हणते.

पण वाजवताना ते गिटारीकडे कधीच बघत नाहीत. ओटीच्या त्या कोपऱ्याकडे बघतात, जिथे जाऊबाई जाळं विणत बसायच्या. सूर विझेपर्यंत बघतात. मान वळवत नाहीत.