मिलिटरीच्या गाडीची सीट

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला आमचं घर आहे, आणि घरापुढे लिंबाखाली आमची क्रेन उभी असते. ती मुळात क्रेन नव्हे. मिलिटरीने काढून टाकलेला तो ट्रक यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लिलावातून आणला. मागे लोखंडी दांडा आणि साखळी बसवून घेतली. तेव्हापासून घाटात काही कलंडलं, अडकलं, नालीत गेलं की फोन आमच्याकडे येतो. त्या फोनला वेळकाळ नाही. जेवताना येतो, लग्नाच्या मांडवात येतो, कुणाला पोचवून स्मशानातून परतताना येतो. यांचं अर्धं लक्ष कायम खिशाकडे. मीही हळूहळू तशीच झाले. बाजारात कुणाचाही फोन वाजला की माझी मान वळते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हे एका कामावरून आले आणि केबिनमधून उतरेनात. इंजिन बंद झालं, दार उघडलं, एक पाय बाहेर आला आणि तसाच लोंबकळत राहिला. मी जवळ गेले तर चेहरा घामाने निथळत होता.

"काई नाई," म्हणाले, "पाय झोपला हाय."

पाय नव्हता झोपला. कंबर धरली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मणक्यातली गादी सरकली आहे म्हणाले, आणि जड गाडी सोडा असं स्पष्ट सांगितलं. हे तिथे मान हलवत बसले. बाहेर आल्यावर रिक्षात चढता चढता मला म्हणाले, "माही कंबर चांगली हाय. सीट खराब हाय. डॉक्टर काय आपल्या गाडीत बसून पाहाले आलता का?"

सीट खराब होती यात खोटं काहीच नव्हतं. लोखंडी सांगाडा, त्यावर अर्ध्या तुटलेल्या स्प्रिंगा, वर काथ्याचा भुगा आणि त्या सगळ्यावर मी वेळोवेळी घडी करून दिलेल्या गोधड्या. नुसती सीटच कशाला, सगळी केबिनच तशी. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, त्याच्या झाकणातून उन्हाळ्यात भट्टीसारखी धग यायची. दारांच्या काचा खाली सरकून बसायच्या. छताला एक गोल झाकण होतं. फौजेत असताना त्यातून जवान बंदूक घेऊन उभा राहायचा म्हणे. आमच्याकडे आल्यापासून त्यातून फक्त पाणी गळायचं.

दुसऱ्या दिवसापासून यांनी केबिन उकलायला घेतली. दारं काढली, सीटा काढल्या, डॅशबोर्ड सोडवला, तारांचे झुबके बाहेर लोंबू लागले. वाकता येत नव्हतं, तर गुडघ्यांवर बसून काम करायचे, दर थोड्या वेळाने उठून अंगणात फेऱ्या मारायचे आणि पुन्हा गुडघ्यांवर. रंग खरवडला तर हिरव्याखाली हिरवाच निघाला, थरावर थर. छताच्या आतल्या पत्र्यावर कुणीतरी खिळ्याने कोरलेली एक ओळ सापडली, आम्हा दोघांना न वाचता येणाऱ्या अक्षरांत. "असन कोनाचं तरी गाव," हे म्हणाले, आणि तेवढा भाग सोडून बाकीचा पत्रा घासला.

सीट बनवायला धामणगाव बढेचे एक कुशनवाले यायचे. मी त्यांना भाई म्हणायचे. हाताला चांगले, पण तोंड तिखट. ते फोम कापायला बसले की हे शेजारी उभे. आधी म्हणाले, उंच करा. फोम वाढवला तर स्टिअरिंगला मांड्या लागतात म्हणाले. खाली केली तर समोरचं दिसत नाही म्हणाले. मग पुढे घ्या, मग मागे टेकायला द्या. तिसऱ्या दिवशी भाईंनी कात्री खाली ठेवली.

"भाऊ, एक सांगा, तुमाले बसाचं हाय का उभं राहाचं हाय? सकाळी येक बोलता, दुपारी येक. असं काम नाई होत."

"पैसा मी देऊन राह्यलो ना बे? मंग मी सांगन तसं करा."

"मंग तुमीच करा," भाई म्हणाले, आणि सायकल काढून निघून गेले. त्यांचा दाभण, मेणाचा दोरा आणि कापलेला फोम ओसरीवर तसाच राहिला.

मी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. रेग्झीन कधी शिवलं नव्हतं. माझ्या मशीनवर घातलं तर सुई पहिल्याच फटक्याला मोडली. मग दाभणाने हातशिलाई सुरू केली. त्या दिवसांत माझं काही खरं नव्हतं. एक बाजू नीट बसली की बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, ही सीट चांगली झाली तर हा माणूस त्यावरून उठणारच नाही. वाईट झाली तर तसाच जाईल आणि कंबर आणखी मोडून घेईल. मग मी शिवलेलं उसवायचे, पुन्हा शिवायचे. उठून पाणी प्यायचे, तहान नसताना. हे अंगणात फेऱ्या घालत, मी ओसरीवर उसवत. लिंबाखाली ती दारं नसलेली, उघडी पडलेली गाडी.

"अवं, किती दिस लावून राह्यली?" हे विचारायचे.

"तुमचा तर भाई पळाला. मी आहे तोवर शिवून घ्या," मी म्हणायचे.

अशातच एका सकाळी फोन आला. घाटात वरच्या वळणावर सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो डोंगराच्या बाजूला घासत जाऊन चेपला होता. चालकाचं दार खडकाला चिकटलेलं, त्याचा पाय आत दाबलेला. दुसरी क्रेन चिखलीकडे गेलेली, तिला यायला वेळ लागणार होता. फोन यांच्या कानाला होता तरी पलीकडचा आरडाओरडा मला ऐकू येत होता.

"गाडी खुल्ली हाय माही," हे म्हणाले. मग, "येतो," म्हणाले.

"सीट नाही, दार नाही, हॉर्नची तार सुटलेली आहे," मी म्हणाले. "कशावर बसणार तुमी?"

हे आत गेले. कोठीतून सरकीचं पोतं ओढत आणलं. मला ते ओढणं बघवेना म्हणून मीच दुसरं टोक धरलं. पोतं सांगाड्यावर ठेवून सुतळीने आवळलं. नेहमीचा मदतनीस गाडी बंद म्हणून कापूस वेचायला मजुरीने गेलेला. हे चढून बसले, इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चाल. कोनीतरी पाह्यजे."

इतक्या वर्षांत मी त्या गाडीत कामावर कधी गेले नव्हते. डाव्या बाजूला बसायला काहीच नव्हतं, नुसता लोखंडी सांगाडा. मी इंजिनच्या झाकणाला धरून उभी राहिले. चटका बसला, हात काढला, तर डोकं छताला आपटलं. शेवटी सीटच्या रिकाम्या सांगाड्यावर पाय ठेवला आणि त्या गोल झाकणातून वर निघाले. कमरेपर्यंत बाहेर, दोन्ही हातांनी कड धरलेली. वारा तोंडावर. साडीचा पदर मी दातांत धरला.

घाटात चढायच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती. वरून काही येत नव्हतं म्हणून हे उलट्या बाजूने निघाले. पण फटीतून मोटारसायकली उतरत होत्या आणि आमच्याकडे हॉर्न नव्हता.

"वरड!" आतून यांचा आवाज आला.

मी आयुष्यात रस्त्यावर कधी मोठ्याने बोललेले नाही. पदर तोंडातून सोडला आणि ओरडले, "सरका! बाजूले व्हा! क्रेन येऊन राह्यली!" लोक आधी गाडीकडे बघत, मग वर माझ्याकडे, आणि मग सरकत. एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीने हात जोडले. ती मला काय समजली कोण जाणे.

टेम्पोजवळ पोचलो. चालक पोरसवदा होता, पण ओरडत नव्हता. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता. लोकांनी साखळी अडकवली. आता मागे नजर ठेवून गाडी हळूहळू पुढे घेत टेम्पो तिरका ओढायचा होता. अशा वेळी हे दारातून अर्धे बाहेर लटकून मागे बघतात, हे मी लांबून कितीदा पाहिलं होतं. यांनी मान वळवली आणि तिथेच थांबले. पुन्हा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले.

"मले मागं वळता येत नाई," हे म्हणाले. एवढ्या हळू की इंजिनच्या आवाजात मला ओठांवरून कळलं. "तू पाहून सांग."

मी वर उभी राहून मागे तोंड केलं आणि सांगत गेले. घ्या, घ्या, थांबा, साखळी ताणली, थोडं उजवीकडे, हळू, हळू. एकदा "थांबा" म्हणायला उशीर झाला आणि टेम्पोचा पत्रा किंचाळला. पण टेम्पो खडकापासून सुटला. दार उघडायला जागा झाली. लोकांनी पहारीने दार उचकटलं आणि त्या पोराला बाहेर काढलं. पाय गुडघ्याखाली मोडला होता. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना तो पाणी मागत होता, म्हणजे शुद्धीवर होता. पुढे कळलं की पाय वाचला, काठी घेऊन चालतो.

लोक यांच्याशी बोलायला केबिनपाशी आले. हे खाली उतरले नाहीत. हसून वरूनच हात केला. उतरता येतच नव्हतं, ते फक्त मला माहीत.  घरापाशी आल्यावर म्हणाले, "कोनाले सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण घाटातल्या गोष्टीला पाय असतात. दोन दिवसांनी भाई सायकलवर हजर झाले. यांच्याकडे न बघता सरळ ओसरीवर माझ्यापाशी आले आणि शिवण उलटून पाहू लागले.

"भाभी, टाका घट्ट घातला तुमी. पण रेग्झीन ओढून नाई घेतलं. फुगा येईन." मग यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "सरकीच्या पोत्यावर बसून गेले म्हणे. माही सीट नाई चालली, पोतं चाललं."

हे लिंबाखालून आले. "चा घेता का?" एवढंच विचारलं. तेवढ्यावर ते भांडण मिटलं.

मग काम झपाट्याने झालं. नव्या स्प्रिंगा, खाली गोणपाट, वर काथ्या, त्यावर फोम. इंजिनच्या झाकणाला आतून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवला, त्याने धग आणि आवाज दोन्ही कमी झाले. छताच्या झाकणाला रबराची नवी कड लावली. दोन्ही सीटांवर गडद हिरवं रेग्झीन. टेकायच्या जागी भाईंनी कमरेला आधार म्हणून उंचवटा दिला आणि या वेळी हे मध्ये बोलले नाहीत.

गाडी तयार झाल्यावर हे चढून बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. मी खाली उभी. 

"कशी हाय?" मी विचारलं.

"चांगली हाय," म्हणाले. "लय चांगली हाय." मग मान मागे वळवायचा प्रयत्न केला. अर्धीच वळली. आता सीटला नाव ठेवायची सोय राहिली नव्हती. हे यांना कळलं ते मला दिसलं, आणि मी घरात निघून गेले. तिथे उभं राहवेना.

त्याच आठवड्यात यांनी स्वतःहून माणूस बघायला सुरुवात केली. मोताळ्याचा एक तरुण ड्रायव्हर मिळाला. हात सफाईदार, स्वभाव शांत. पहिल्या कामाला हे घरी थांबले. अंगणात फेऱ्या घातल्या, रस्त्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी गणवेशाची बटणं लावत होते. बाहेर पाहिलं तर अंगणात कुणी नाही. कमरेला पट्टा बांधून हे घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चालत गेले होते.

तेव्हापासून हेही सोबत जातात, डाव्या सीटवर बसून. डॉक्टरांना ते सांगितलं तर डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, निदान चालवत तर नाहीत.

परवा ड्रायव्हर एकटाच ओसरीवर आला, चप्पल काढून उभा राहिला.

"काकू, एक सांगू का? रागावू नका."

"सांग."

"काका ब्रेक मारतात."

"ते कसे मारतील? ब्रेक तुझ्याकडे आहे."

"हाव, पण तिकडूनच मारतात. घाट उतरताना सारखा पाय दाबून राह्यले. मले मंग समजत नाई, मी मारला का त्याइनं मारला."

मी गाडीत जाऊन पाहिलं. डाव्या बाजूची रबरी चटई टाचेपाशी झिजून पांढरी पडली होती. मी घरातून चटईचा उरलेला तुकडा आणला, त्या जागेवर ठेवून खडूने खूण केली आणि कात्री घेतली. एवढ्यात यांचा फोन वाजला. ड्रायव्हर चढला, हे पट्टा आवळत आले.

"उतर वं लवकर," म्हणाले, "वरवट बकालच्या रस्त्याले ट्रॅक्टर पलटला."

मी तुकडा हातात घेऊन उतरले. गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर गेली.